शेजारच्या सीटचा ताणांक

मी शेजारी बसले की माझ्या नवऱ्याचं अंग किती आखडतं, याचा नेमका आकडा मला ठाऊक आहे. एकसष्ट. ज्या बायकांना आपापल्या नवऱ्याचा आकडा ठाऊक नाही त्या सुखी आहेत, आणि त्यांनी तसंच राहावं.

नवऱ्याचं नाव शीतल. कोल्हापूर-सांगलीकडच्या आम्हा जैनांत शीतल हे पुरुषाचं नाव असतं. पुण्याच्या लोकांना हे दर वेळी समजावून सांगावं लागतं. तो इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत सुताची चाचणी घेतो आणि रोज कोल्हापूरहून गाडीनं ये-जा करतो. मी, त्रिशला मगदूम, त्याच रस्त्यावर शिरोलीला मुजावरचाचांच्या गॅरेजात एअरबॅगचं काम करते. पॉलिटेक्निकला आम्ही एका वर्गात होतो. शेवटच्या वर्षी त्याला माझ्यापेक्षा तीन मार्क जास्त पडले, ते मी अजून विसरलेले नाही. यावरून माझा स्वभाव ध्यानात यावा.

एअरबॅग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पिशवी येते. पिशवी ही त्यातली सगळ्यात अडाणी वस्तू. अक्कल असते ती सेन्सरमध्ये. पुढच्या बंपरमागे दोन, बाजूच्या खांबांत चार, आणि दारांच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारे दोन. बंपरमागच्या सेन्सरमध्ये सिलिकॉनचा एक कण असतो आणि त्या कणात फण्या कोरलेल्या असतात, एक पक्की आणि एक लवचिक. धक्का बसला की लवचिक फणी सरकते, दातांमधलं अंतर बदलतं आणि तिथला विजेचा साठा एवढासा कमीजास्त होतो. ही बातमी दोन सीटांच्या मधोमध, कप्प्याखाली बसवलेल्या पेटीकडे जाते. पेटी लगेच विश्वास ठेवत नाही. खड्डा होता की टक्कर, हे ती स्वतःच्या पोटातल्या सेन्सरला विचारते. कोण आधी बोललं, कोण मागून बोललं, हे ताडून बघते, आणि सगळं जुळलं तरच ठिणगी टाकते. या सगळ्याला लागतो सेकंदाचा पन्नासावा भाग. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

पूर्वी पिशवी सगळ्यांसाठी सारख्याच जोरानं फुटायची. पैलवान असो नाहीतर काटकुळी आजी, दणका तोच. मग ताणांक आला. सीटच्या कापडातल्या तारा वजन मोजतात, आणि छतातला छोटा रडार कातडीची बारीक थरथर टिपतो. आखडलेला स्नायू एका तऱ्हेनं थरथरतो, सैल सोडलेला दुसऱ्या. शून्य म्हणजे पार सैल, शंभर म्हणजे लाकूड. आखडून बसलेल्या माणसाला पिशवी एका रीतीनं झेलते, सैल बसलेल्याला दुसऱ्या. हिशेब सोपा आहे आणि त्यानं हजारो बरगड्या वाचल्यात, हे मी कुणापुढेही छातीठोक सांगेन.

पण अपघाताच्या चौकशीसाठी म्हणून पेटी प्रत्येक मिनिटाचा ताणांक नव्वद दिवस जपून ठेवते. नाव नसतं, फक्त सीट, वजन आणि आकडा. नको असेल त्यानं नकार द्यावा अशी कायद्यात सोय आहे. नकार देतंय कोण? गाडी घेताना चाळीस सह्या करायच्या असतात, त्यातली ही एक.

आमच्या गॅरेजचा एक नियम आहे. घरच्या माणसाच्या गाडीची एअरबॅग घरच्यानं तपासायची नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायची. चाचा म्हणतात, अशा वेळी हात एकतर मऊ पडतो नाहीतर कडक. शीतलच्या गाडीची वर्षाची तपासणी आली तेव्हा दुपारी चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले होते. मी कामाच्या कार्डावर दुसऱ्या मेकॅनिकच्या नावापुढे खूण केली आणि गाडी स्वतःच्या कामाच्या जागेवर लावली. वाईट काही मनात नव्हतं, खरंच. माझ्या नवऱ्याच्या गाडीला दुसऱ्यानं हात लावलेला मला खपत नाही, एवढंच.

तपासणीचं काम सावकाशीचं. आधी बॅटरी सोडवायची, मग तीन मिनिटं हात बांधून थांबायचं, कारण पेटीच्या पोटात थोडी वीज उरलेली असते. पिवळ्या प्लगला साधा मीटर लावायचा नाही, त्याच्या इवल्याशा विजेनंही पिशवी तोंडावर फुटू शकते. सगळं पुन्हा जोडून टॅब्लेट लावला की पेटी दोषाचा नंबर सांगते, आणि नवशिके इथंच फसतात. नंबर म्हणतो पिशवी बिघडलीय, आणि खरा दोष असतो स्टिअरिंगखाली गुंडाळलेल्या पट्टीत. दोष दिसतो एका जागी आणि असतो दुसऱ्याच जागी, हे मी आजवर कितीतरी जणांना शिकवलंय.

शीतलच्या गाडीत दोष नव्हता. मग मी ताणांकाचा तक्ता उघडला. तो उघडायचं काही कारण नव्हतं, हेही सांगून टाकते.

ड्रायव्हरच्या रकान्यात शीतल. एकटा असताना चौतीसच्या आसपास. शेजारी अठ्ठावन्न किलो असताना, म्हणजे मी असताना, एकसष्ट. आणि दर गुरुवारी, संध्याकाळी पाच ते पावणेसहा, शेजारी सहासष्ट किलो. तेव्हा एकोणीस.

एकोणीस! मी तो आकडा तीनदा वाचला. एकोणीस लोकांचा रात्री अंथरुणात असतो. गेले बारा गुरुवार माझा नवरा हायवेवर, ऐन रहदारीत, कुणाच्या तरी शेजारी अंथरुणात पडल्यासारखा निवांत बसत होता. सकाळी टेकडी चढून, गोड सोडून मी वजन अठ्ठावन्नवर आणलं होतं, ते कशासाठी?

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पकडावं म्हटलं तर पकडण्यासारखं काहीच नव्हतं, याचाच जास्त संताप आला. चिठ्ठी नाही, फोन नाही. एक बाई (बाईच असणार, माझी खात्री झाली होती) शेजारी बसते आणि माझ्या नवऱ्याचे खांदे खाली येतात. याला काय नाव देणार? भांडायचं तरी कशावरून?

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण असतं. पुढच्या गुरुवारी शीतल सव्वासहाला आला, हातपाय धुऊन घाईनं पानावर बसला. मी भाकरी वाढताना विचारलं, "आज उशीर?"

"चोकाकजवळ उसाच्या ट्रॉल्या. नेहमीचंच."

"एकटाच होतास?"

त्यानं वर बघितलं. "गाडीत काय जत्रा असणार आहे का?" म्हणाला, आणि आमटी मागितली.

हे उत्तर नव्हतं. होही नाही, नाहीही नाही. मी आमटी वाढली, ती थोडी ताटाबाहेर सांडली. पुढचे पाच दिवस मी घरात अगदी गोड वागले, यावरून तरी त्याला शंका यायला हवी होती.

तक्त्यातून मला माणूस कळणार नव्हता. पण पेटीची आणखी एक अवस्था असते, आम्ही तिला कार्यशाळा मोड म्हणतो. त्यात पेटी सेन्सरांचा कच्चा माल जसाच्या तसा, त्या क्षणी, नेटवरून गॅरेजच्या पडद्यावर पाठवते. श्वास दिसतो, हात कुठं आहेत ते दिसतं, दोन माणसांमधलं अंतर दिसतं. मला ते अंतर बघायचं होतं. एकच भानगड आहे. मेकॅनिकच्या तोंडावर पिशवी फुटू नये म्हणून या मोडमध्ये पेटी ठिणगीला परवानगी देत नाही. धडक बसली तरी पिशव्या घडी घातलेल्याच राहतात. डॅशबोर्डावर लाल दिवा लागतो, तो मुद्दाम झाकावा लागतो.

बुधवारी संध्याकाळी शीतल मंदिरात गेला असताना मी खाली गेले, गाडी कार्यशाळा मोडमध्ये टाकली आणि लाल दिवा झाकला. उद्या सकाळी जाणं, संध्याकाळी येणं, एवढ्यात काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. गिऱ्हाईकानं असं म्हटलं असतं तर मी त्याला गॅरेजमधून हाकलून दिलं असतं.

गुरुवारी पाचला मी गॅरेजच्या कोपऱ्यात टॅब्लेट घेऊन बसले. चाचा पलीकडे स्टुलावर चहा घेत होते. पाच वाजून चार मिनिटांनी शेजारच्या सीटवर सहासष्ट किलो आलं. शीतलचा आकडा छत्तीसवरून तीसवर, मग पंचवीसवर. मी अंतर बघत होते. अंतर बदलेना. हात बघितले. शीतलचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, तिचे मांडीवर. रुई मागं पडलं तसा तिचा श्वास संथ होऊ लागला. मिनिटाला सोळा, चौदा, बारा. मान डावीकडे कलली. तिचा ताणांक आठ. शीतलचा एकोणीस.

ती झोपली होती.

खरं तर हायसं वाटायला हवं होतं. कुठलं हायसं! मला वाटलं, हात धरले असते तर बरं झालं असतं, निदान मला जाऊन झिंज्या धरता आल्या असत्या. ही बया माझ्या नवऱ्याच्या शेजारी चक्क झोपते आणि तो तिला झोपू देतो, खड्डे चुकवत, ब्रेक हळू दाबत. पडद्यावर दिसत होतं ते. एरवी धक्क्यांची रेघ दातेरी असते, आज ती सपाट होती. माझ्यासाठी त्यानं इतकी सांभाळून गाडी कधी चालवली होती?

हातकणंगले ओलांडलं आणि पुढच्या सेन्सरची रेघ उभी उसळली. पडद्यावर अक्षरं आली: टक्कर शक्य. पेटी सज्ज. परवानगी नाही.

परवानगी नाही. ती मीच काढून घेतली होती. तेवढ्या वेळात मला सगळं दिसलं, शीतलचं डोकं, स्टिअरिंग, काच. मग रेघ खाली बसली. टक्कर झाली नव्हती, नुसता करकचून ब्रेक लागला होता. पुढं बहुतेक उसाची ट्रॉली आडवी आली असावी. मी लगेच त्याला फोन लावला.

"शीतल, गाडी बाजूला घे. आत्ताच्या आत्ता."

"का? काय झालं?"

"पिशव्या बंद आहेत. एकही फुटणार नाही. गाडी चालवू नकोस, मी येते."

"बंद? तपासणी झाली की नुकतीच."

"झाली."

"मग बंद कुणी केल्या?"

चाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मी."

मग तो म्हणाला, "अतिग्रेजवळ रसवंती आहे, तिथं थांबतो," आणि फोन ठेवला. चाचांनी खिशातून आपल्या स्कूटरची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. मी ती घेतली आणि निघाले.

रसवंतीच्या मांडवात शीतल उभा होता आणि बाकावर एक बाई रसाचा पेला घेऊन बसली होती. पन्नाशीची, केस पिकलेले, पायात फुगलेल्या घोट्यांवर सैल मोजे. मला बघून ती उठली. "वहिनी ना? मी कुंभोजे. सरांच्या खात्यात आहे." मग शीतलकडे बघून हसली. "ट्रॉली आडवी आली तेव्हा मी झोपेतच होते, बघा. ब्रेकनं जाग आली."

"रोज झोपता का गाडीत?" मी विचारलं. आवाज नको तितका धारदार निघाला.

"रोज कुठलं, गुरुवारीच. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, रात्रीत चारदा उठावं लागतं. गुरुवारी त्यांची औषधं आणायला कोल्हापूर. सर म्हणाले चला. आठवड्यात ही चाळीस मिनिटं मला सलग झोप मिळते, दुसरी नाही. सरांचा हात लई हलका आहे हो गाडीवर."

मला ठाऊक होतं ते, पडद्यावर बघितलं होतं. तिची कीव यायला हवी होती आणि ती आलीही, पण आधी हेवा वाटला. मग ती म्हणाली औषधाचं दुकान बंद होईल, आणि कोल्हापूरकडे जाणारं एक वडाप हात करून थांबवलं. आठ माणसांच्या त्या जीपमध्ये ती मागच्या बाजूला कशीबशी घुसली. आता काही तिला झोप लागणार नव्हती, आणि तीही माझ्यामुळेच.

पेटी पुन्हा नीट चालू करायची तर दोन्ही सीटांवर माणसं बसवून ताणांक जुळतो का बघावा लागतो. शीतल एकटा ड्रायव्हरच्या सीटवर बसला. आकडा स्थिरावायला मिनिटभर गेलं. रागात होता, तरी बेचाळीस. मग मी शेजारी बसले, टॅब्लेट मांडीवर घेतला.

आधी माझा आकडा उसळला. सत्तर. शहात्तर. एक्याऐंशी. दोन सेकंद गेले, आणि मग त्याचा चढू लागला. पन्नास, अठ्ठावन्न, त्रेसष्ट.

मी मुद्दाम दीर्घ श्वास घेतला, खांदे सोडले. माझा सत्तरवर उतरला. दोन सेकंदांनी त्याचा पंचावन्न. पुन्हा आखडले. एक्याऐंशी. दोन सेकंद. त्रेसष्ट.

कोण आधी बोललं आणि कोण मागून, हे ओळखण्यावर माझं पोट चालतं. मी मागचे तीन महिने उघडले. शेजारच्या सीटवर अठ्ठावन्न किलो, त्यापुढचा रकाना, जो मी एकदाही बघितला नव्हता. एकोणऐंशी. ब्याऐंशी. ऐंशी. प्रत्येक रविवारी, प्रत्येक लग्नाला जाताना, प्रत्येक वेळी. म्हणजे दर वेळी आधी मी लाकूड होत होते आणि मागून तो. स्वतःचं काय बघायचं, म्हणून मी तो रकाना झाकून ठेवला होता. पहिल्या वर्षाच्या पोराला मी या चुकीसाठी चार शब्द सुनावले असते.

मला माहीत आहे ना, टक्कर किती वेळात होते. त्याच्या शेजारी बसले की मी प्रत्येक ट्रक मोजते, न दिसणारा ब्रेक पायानं दाबते, "अंतर ठेव, अंतर ठेव" म्हणत राहते. चौदा वर्षं. मला वाटायचं, याला काळजी म्हणतात.

"शीतल," मी म्हटलं, "हे बघ, दोष माझ्याकडे आहे. माझा आकडा आधी चढतो, मग तुझा." मला खरंच वाटलं होतं की तो खूश होईल. बिघाड सापडला होता!

त्यानं टॅब्लेट माझ्या हातातून घेतला. बोटानं वर सरकवत गेला. जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर. "हे सगळं मी आहे?"

"हो."

"रोज, दर मिनिटाला?"

"सगळ्यांचंच असतं. सही केलीस की तू."

"सही केली ती पिशवीसाठी. तू हे बघतेस हे मला माहीत नव्हतं." त्यानं टॅब्लेट खाली ठेवला. "आमटी वाढताना विचारलंस, एकटाच होतास का. तेव्हा तुला माहीत होतं?"

मी मान डोलावली.

"तर मग विचारलंस कशाला?"

"तू सांगतोस का ते बघायला." हे बोलून गेल्यावर ते किती वाईट ऐकू आलं ते मला कळलं. "तू पण सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं. सांगितलं असतं तर कोण, का, किती वाजता, कुठं उतरते, रोज तपासणी झाली असती. ती बाई झोपते, त्रिशला. तिला माझ्याकडून काही नको असतं. त्या चाळीस मिनिटांत मला कुणी काही विचारत नाही." तो समोर बघत होता. "आणि तू माझ्या पिशव्या बंद केल्यास. तिच्याही."

"मला भीती वाटली, तू माझा राहिला नाहीस म्हणून." हे मी रडत बोलले. "मी जळत होते. अजून जळतेय. तिच्या झोपेवर जळतेय, ऐकतोस?"

"ऐकतोय," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली. मी उतरले. शिरोलीपर्यंत मी चाचांच्या स्कूटरवर मागून होते.

गॅरेजमध्ये त्यानं सरळ चाचांपुढे जाऊन नकाराचा फॉर्म मागितला. ड्रायव्हरच्या सीटचा ताणांक कायमचा बंद. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "जावईबापू, आज ऱ्हाऊ द्या की. डोकं शांत झाल्यावर करू."

"डोकं शांत आहे, चाचा. हिनंच करावं. नियम तुमचा माहीत आहे मला, पण हिनंच करावं."

चाचा उठून बाहेर गेले.

फॉर्म भरताना गिऱ्हाईकाला मोठ्यानं वाचून दाखवावं लागतं. मी शेकडो वेळा वाचलाय. "ताणांक बंद केल्यास पिशवी सरासरी माणसासाठी ठरलेल्या पूर्ण जोरानं फुटेल. तुमच्या शरीराचा विचार केला जाणार नाही. छातीला, बरगड्यांना इजा होऊ शकते. हे तुम्हाला मान्य आहे का?"

"मान्य."

"शीतल, नको करूस. मी पुन्हा बघणार नाही. शपथ घेते."

"तू बघशील," तो म्हणाला. रागानं नाही, अगदी साधं. "तुझ्यानं राहवणार नाही. मी तुला ओळखतो. एखाद्या वेळी बरगडी मोडली तर भरून येईल." आणि सही केली.

मी बॅटरी सोडवली. तीन मिनिटं थांबायचं होतं. तो सीटवर बसून होता, मी दाराशी उभी होते. एरवी त्या तीन मिनिटांत मी गिऱ्हाईकाशी गप्पा मारते. मग मी छतातला रडार ड्रायव्हरच्या बाजूनं सोडवला, सीटखालचा प्लग ओढला, बॅटरी जोडली. पडद्यावर त्याच्या रकान्यात एक आडवी रेघ आली. तक्ता उघडला तर त्याचे मागचे नव्वद दिवसही पुसले गेले होते. माझे होते. ऐंशीच्या खाली क्वचितच गेलेले.

घरी जाताना पंचगंगेच्या पुलावर मी त्याला विचारलं. आकडा नव्हता, म्हणून तोंडानं विचारावं लागलं. "मी शेजारी बसले की तुला कसं वाटतं?"

लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि हे मी पहिल्यांदा विचारत होते. त्यानं आधी पूल ओलांडला.

"सांगेन," तो म्हणाला. "पण तू विचारलंस म्हणून लगेच नाही. मला सांगावंसं वाटेल तेव्हा."

"कधी?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी गप्प झाले.

त्याला आज चौदा दिवस झाले. तो बोलतो, जेवतो, दळण आणतो, सगळं आहे. ते मात्र अजून सांगितलेलं नाही. मी पुन्हा विचारलेलं नाही, आणि हे माझ्या स्वभावात बसत नाही हे चाचासुद्धा मान्य करतील. सकाळी निघताना तो आपणहून म्हणाला, "आज कुंभोजे मॅडम आहेत गाडीत." मी म्हटलं, "बरं." दार लावून घेतलं आणि तिथंच टेकून उभी राहिले.

समोर टॅब्लेट आहे. शीतलच्या गाडीचा तक्ता मी उघडलेला नाही. उघडून तरी काय, त्याच्या रकान्यात रेघ आहे. घड्याळात साडेपाच वाजलेत. म्हणजे हातकणंगले मागं पडलं असेल, आणि कुंभोजे मॅडम झोपल्या असतील.